विहिरीच्या भिंतीत गाडलेलं तळं : थर आणि जीवाश्मांची नोंद कशी ठेवायची?

दुबलगुंडी (ता. हुमनाबाद) : वर जांभा, खाली काळा दगड. बिदर-हुमनाबादच्या माळावर विहीर खणणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पण दख्खनच्या काळ्या दगडात कुठे कुठे दोन थरांच्या मध्ये पांढुरका, ठिसूळ पट्टा लागतो. त्यात कधी गोगलगायीसारखे शंखही निघतात. पोरं ते खिशात घालतात, बाकीचा मलबा भरावाला जातो. विहीर बांधून झाली की पुरावा संपला.

हा पट्टा म्हणजे काय? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, पण एका दमात नाही. दोन उद्रेकांमधल्या शांत काळात खोलगट जागी तळी साचली, त्यात शंख-शिंपले वाढले. पुढचा लाव्हा आला आणि तळं गाडलं गेलं. अशा थरांना 'आंतरट्रॅप' म्हणतात. नागपूरजवळ टाकळीला स्टीफन हिस्लॉप यांनी १९व्या शतकात ते अभ्यासले. जुन्या गुलबर्गा जिल्ह्यातल्या गुरमिटकल भागातही ते सापडले आहेत. शहाबादी फरशीत मात्र शंख शोधू नये. तो दगड शंखवाले प्राणी जन्मण्याच्या आधीचा आहे.

थराची जाडी कमी म्हणून तो बिनमहत्त्वाचा ठरत नाही. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. सुमारे ३३८ मीटर काळा दगड, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर आणि मग जुना ग्रॅनाइटी खडक. खोलीची नोंद नसती, तर ते ८ मीटर कुणाला कळले असते?

शंखाचंही तसंच. तो कुठल्या थरातून आला हे माहीत नसेल, तर ती नुसती शोभेची वस्तू. म्हणून आधी नोंद, मग हात लावायचा.

गाव, गट क्रमांक आणि मोबाईलवरचं ठिकाण लिहा. जमिनीच्या पातळीपासून टेपने खोली मोजा. वहीत उभा पट्टा काढून प्रत्येक थराची जाडी, रंग, कण बारीक की भरड, हे लिहा. खालचा थर सहसा जुना, त्यामुळे क्रम चुकवू नका. फोटोत पट्टी किंवा पेन ठेवा. सौम्य आम्ल टाकल्यावर फेस आला तर दगडात चुना आहे.

शंख निघाला तर भोवतीच्या दगडासकट ठेवा, वरच्या बाजूला बाण काढा, नंबर टाकून वर्तमानपत्रात गुंडाळा. तोच नंबर वहीतल्या थरापुढे लिहा. घासून धुऊ नका. दगडातले चमकदार स्फटिक किंवा फटीतली मॅंगनीजची झाडासारखी नक्षी म्हणजे जीवाश्म नव्हे. शंका असेल तर 'ओळख पटली नाही' असंच लिहावं.

अर्धवट खणलेल्या विहिरीत मात्र उतरू नये, कडा ढासळतात. वर काढलेल्या मलब्यातला तुकडा असेल तर 'मलब्यातून' अशी नोंद करा आणि खोली खणणाऱ्या माणसाला लगेच विचारून घ्या.

वही आणि फोटो जवळच्या महाविद्यालयाच्या भूगर्भशास्त्र विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या बेंगळुरू कार्यालयाला दाखवता येतात. लातूरकडच्या वाचकांनाही हेच लागू. दगड तोच आहे, राज्याची सीमा वरवरची.