कॉफीचा डोंगर, बांबूचा डोंगर
सातपुड्याच्या वाटा : भाग १४

गाविलगड किल्ल्याच्या दरवाजांवर या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या खेपेला. मधेच आमच्या शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरीच्याच एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यातल्या प्रश्नाने मला पुरतं धरून ठेवलं. ते लिहितात : ‘आफ्रिकेच्या पश्चिमेला टोगो नावाचा देश आहे. तिथे क्पालिमे म्हणून डोंगरातलं लहानसं शहर आहे. तिथली कॉफी प्यायला आणि कारागिरांचं काम बघायला लांबून लोक येतात, असं वाचलं. आपल्याकडे एवढा सातपुडा पसरलाय, त्यात असं एखादं गाव का नाही? तोरणमाळला उंची आहे, थंडी आहे. मग कॉफी का नाही?’

असं गाव आपल्या सातपुड्यात आहे. ते तोरणमाळ नव्हे, मेळघाटातलं चिखलदरा. आणि तोरणमाळला कॉफी का नाही, याचं उत्तर चिखलदऱ्याची कॉफी बघितल्याशिवाय नीट कळत नाही. म्हणून आजचा सगळा भाग या एका पत्रासाठी.

आधी क्पालिमेबद्दल थोडं. टोगोची राजधानी लोमे समुद्रकाठी आहे. तिथून वायव्येला सव्वाशे किलोमीटरच्या आत, घानाच्या सीमेलगत हे शहर आहे. देशातला सगळ्यात उंच डोंगर, ९८६ मीटरचा अगू, त्याच्याच शेजारी. वस्ती मुख्यतः एवे लोकांची. १८८४ पासून हा मुलूख जर्मनांकडे होता. डोंगरातला कोको-कॉफीसारखा माल बंदरावर उतरवण्यासाठी त्यांनी लोमेपासून क्पालिमेपर्यंत रेल्वे टाकली आणि १९०७ साली ती सुरू झाली. पहिल्या महायुद्धात जर्मन गेले, मग फ्रेंच आले, १९६० मध्ये टोगो स्वतंत्र झाला. रेल्वेची गाडीही पुढे बंद पडली. कॉफी आणि कोकोच्या बागा मात्र डोंगरउतारावर राहिल्या. शहरात लाकडावर कोरीवकाम करणारे, बाटिकची कापडं रंगवणारे, अरुंद पट्ट्या विणून त्या जोडून मोठं वस्त्र करणारे कारागीर आहेत. पाहुणा सकाळी बागेत जातो, दुपारी कारागिराच्या शेजारी बसतो. दोन्ही गोष्टी हाकेच्या अंतरावर आहेत. हे अंतर लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे यायचं आहे.

आता आपला रस्ता. शहाद्याहून अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याला लागायचं. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर अशी गावं मागे टाकत जाताना सातपुडा सतत डाव्या हाताला असतो. बऱ्हाणपूरनंतर धारणीच्या दिशेने निघालं की मेळघाट सुरू होतो, आणि इथे भूगोलाची एक गंमत घडते. आपल्याकडे तापी सातपुड्याच्या दक्षिणेला. मेळघाटातले गाविलगडचे डोंगर मात्र तापीच्या दक्षिणेला आहेत. मुलताईला उगम पावलेली ही नदी सातपुड्याच्या दोन रांगांमधून वाट काढत पश्चिमेला येते, म्हणून तिकडे नदी एका बाजूला आणि इकडे दुसऱ्या बाजूला. धारणी, हरिसाल, सेमाडोह करत सिपना नदीच्या खोऱ्यातून चिखलदऱ्याच्या पठारावर चढायचं. घाईच्या माणसाने अमरावती-परतवाड्याकडून जावं. पण ज्याला सातपुडा समजून घ्यायचा आहे, त्याने एकदा तरी हा लांबचा रस्ता धरावा.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १११८ मीटरवर आहे. १८२३ मध्ये हैदराबाद पलटणीचा कॅप्टन रॉबिन्सन इथे पोचला आणि इंग्रजांना ही जागा ठाऊक झाली. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. वऱ्हाडचा उन्हाळा कसा असतो, ते अकोला-अमरावतीत मे महिना काढलेल्या कुणालाही विचारा. साहेबलोकांना त्यातून सुटका हवी होती. पठारावर बंगले उभे राहिले, बंगल्यांभोवती बागा झाल्या आणि त्या काळात इथे कॉफीही रुजली. जुन्या गॅझेटियरमध्ये चिखलदऱ्याच्या बटाट्यांबरोबर कॉफीचीही नोंद आहे. महाराष्ट्रात कॉफी पिकणारं ठिकाण म्हटलं की आजही चिखलदऱ्याचंच नाव घेतात.

कॉफीचं झाड ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी ते जरा जवळून दाखवतो. मोकळं वाढू दिलं तर ते बरंच उंच जातं, पण फळं हाताशी यावीत म्हणून छाटून माणसाच्या उंचीचं ठेवतात. पानं गडद हिरवी, तकतकीत, कडेला किंचित लाटदार आणि समोरासमोर जोडीने येणारी. फुलं पांढरी, पानांच्या बगलेत झुबक्यांनी लागतात आणि जाईच्या जवळ जाणारा त्यांचा वास बागेत शिरण्याआधीच येतो. हा बहर थोडेच दिवस टिकतो. मग हिरवी फळं धरतात आणि आठ-नऊ महिन्यांनी लाल होतात. पिकलेलं फळ दोन बोटांत दाबलं की साल फाटते आणि आतून बुळबुळीत, गोडसर गर निघतो. गरात दोन बिया, सपाट बाजू एकमेकींना टेकवून बसलेल्या. बीवर आधी एक कडक टरफल, त्याखाली चंदेरी पापुद्रा. तो काढला की हिरवट-करडी बी हाती येते. तिला अजून कॉफीचा वास नसतो. तो भट्टीत भाजल्यावर येतो. ५-६ किलो फळं वेचावीत तेव्हा जेमतेम १ किलो कच्ची कॉफी मिळते, आणि भाजताना तिचंही वजन घटतं.

कॉफीच्या मुख्य जाती दोन. रोबस्टा कमी उंचीवर, उबदार हवेत वाढते आणि रोगाला सहज बळी पडत नाही. क्पालिमेच्या बागा प्रामुख्याने तिच्याच, कारण तिथले डोंगर हजार मीटरच्या आतले. अरेबिकाला हजार मीटरच्या वरची थंड हवा मानवते. तिची चव सौम्य आणि भाव जास्त. चिखलदऱ्याची उंची आहे ती अरेबिकाला जमणारी.

मग तोरणमाळ? उंचीने तेही कमी नाही, साधारण चिखलदऱ्याएवढंच आहे. अडचण पाण्याच्या वेळेची आहे. कॉफीच्या कळ्या कोरड्या हवेत झाडावर थांबून राहतात. एक चांगली सर पडली की आठ-दहा दिवसांत सगळी बाग एकदम फुलते. कर्नाटकात, कोडगू आणि चिक्कमगळुरूला, मार्च-एप्रिलमध्ये वळवाच्या सरी येतात आणि तिथला शेतकरी त्या सरींकडे डोळे लावून बसतो. क्पालिमेत तर पाऊस साधारण मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. आपल्या सातपुड्यात तो मृगात सुरू होतो आणि दसऱ्याच्या आसपास संपतो. पुढचे सात-आठ महिने डोंगर कोरडा. वर्षभरात पडणारं पाणी कॉफीला पुरेसं असतं, पण ते चार महिन्यांतच पडून वाहून जातं. म्हणजे फाल्गुन-चैत्रात, ज्या वेळी पाड्यावरच्या बायका हंडा घेऊन दरीत उतरतात, नेमकं त्याच वेळी कॉफीला पाणी द्यावं लागणार. चिखलदऱ्याच्या पठारालाही हाच कोरडा उन्हाळा आहे. तिथे कॉफी वाढली ती बंगल्याच्या बागेची निगा आणि मोठ्या झाडांची सावली मिळाली म्हणून, आणि ती थोड्या जागेतच राहिली, तीही बरीचशी याच कारणाने. तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठावर हौसेने दहा झाडं जगवता येतील; सीताखाईच्या उतारावर कॉफीची शेती होणार नाही.

हे वाचून पत्रलेखकांनी हिरमुसून जाऊ नये. त्यांच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, कारागिरीचा, मला कॉफीपेक्षा मोठा वाटतो.

मेळघाट हा कोरकूंचा प्रदेश. त्यांची भाषा मुंडा कुळातली. झारखंड-ओडिशात संथाळी, मुंडारी बोलल्या जातात, त्यांची ही सख्खी नातलग, आणि त्या कुळातली सगळ्यात पश्चिमेची. कोरकूंच्या कारागिरीचा सर्वांत देखणा नमुना दुकानात मिळत नाही, मिळूही नये. तो म्हणजे मृताच्या स्मरणार्थ उभारायचा लाकडी खांब. त्याला मुंडा म्हणतात आणि तो उभारायच्या विधीला सिडोली. सागाच्या जाड फळीवर वरच्या अंगाला चंद्र-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला माणूस आणि कडेने नक्षी कोरलेली असते. मोजक्या खोल रेघांत घोड्याची मान आणि स्वाराचा ताठपणा कारागीर पकडतो. अशा खांबापुढे उभं राहिलं की कोरीवकाम शिकायला फार लांब जायची गरज नाही, हे पटतं.

रोजच्या वापरातली कारागिरी मात्र बांबूची. मेळघाटात भरीव मानवेल आहे आणि काटेरी कटांगही. दोन-तीन वर्षांचा बांबू कामाला चांगला. कोवळा तोडला तर वाळताना आक्रसतो आणि त्यातल्या पिठूळ सत्त्वामुळे भुंगा लवकर लागतो. शिवाय जाणता माणूस पावसाळ्यानंतरच बांबू तोडतो. विणणाऱ्याच्या समोर बसून बघावं. तो कोयता टोकावर ठेवतो, एक ठोका देतो आणि हिरवा बांबू पेरामागून पेर तडतडत दुभंगत जातो. त्याचे दोनाचे चार, चाराचे आठ होतात. मग पायाच्या अंगठ्यात कामटी धरून आतला मऊ भाग सोलून काढतो आणि बाहेरची चिवट साल ठेवतो. तिची कागदाइतकी पातळ पट्टी निघते तेव्हा हाताची करामत कळते. सुपाला बारीक पट्टी, टोपलीला जाड, कणगीला त्याहून रुंद. कुठल्या वस्तूला बांबूचा कुठला भाग, याचा त्याचा हिशोब पक्का असतो.

या हातांना बाजार मिळावा म्हणून सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्याने १९९०च्या दशकात धारणी तालुक्यात लवादा इथे संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. सुनील देशपांडे २०२१ मध्ये गेले. केंद्राने कोरकू तरुण-तरुणींना बांबूचं फर्निचर, घरं, शोभेच्या वस्तू, राख्या करायला शिकवलं. मेळघाटच्या बांबूच्या राख्या शहरांत पोचल्या. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि जंगलाबाहेर वाढवलेला बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडायला, वाहून न्यायला शेतकऱ्याची वाट मोकळी झाली. बांधावर चार बेटं असलेल्या माणसाला या बदलाचं मोल विचारा.

आता ते अंतर. क्पालिमेत कॉफी आणि कारागीर एका शहरात आहेत. आपल्याकडे कॉफी चिखलदऱ्याच्या पठारावर, बांबू धारणीकडे, आणि मधे जंगलाचा वळणावळणाचा रस्ता. पावसाळ्यात चिखलदऱ्याला गर्दी उसळते. लोक धबधबे बघतात, भीमकुंड बघतात, मक्याचं कणीस खातात आणि परत फिरतात. ज्या गावात कॉफी पिकते त्या गावातून कॉफी न पिताच माणूस घरी जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. डोंगरातल्या गावाचं नाव पिकावर होत नाही. ते पीक तिथेच भाजलं, विणलं, कोरलं जावं आणि तिथल्याच माणसाने ते पाहुण्याच्या हाती द्यावं, तेव्हा नाव होतं. कच्ची बी गोणीत भरून खाली गेली की तिच्याबरोबर गावाची मजुरी आणि ओळख दोन्ही जातात. जर्मनांची रेल्वे क्पालिमेतून हेच खाली नेत होती. त्या शहराचं आजचं नाव झालं ते जे वर राहिलं त्याच्यामुळे.

चिखलदऱ्याच्या आसपास अशी सुरुवात दिसते. मोथा गावाकडचे शेतकरी स्ट्रॉबेरी लावतात आणि हंगामात रस्त्याच्या कडेलाच विकतात. आमझरीला मधाचं गाव म्हणून पुढे आणलं आहे. गवळ्यांचा खवा तर पूर्वीपासूनचा. यांच्याच शेजारी एक लहान भट्टी, भाजलेली कॉफी आणि बांबूचं काम करणारे दोन हात बसले, तर पत्रलेखकांनी वाचलेलं क्पालिमे इथेच तयार होईल.

आणि तोरणमाळ, धडगाव? तिथे कॉफी नको. तिथे आमचूर आहे. उन्हाळ्यात धडगाव-अक्राणीच्या पाड्यांवर कैऱ्या सोलून, चिरून उतारावर वाळत घालतात आणि सगळा डोंगर आंबट वासाने भरून जातो. काठी गावच्या होळीला नाचणारे बुध्या बांबूच्या कामट्यांचे, मोरपिसांचे उंच टोप घालतात. ते टोप बांधणारे हात वर्षाचे उरलेले महिने काय करतात, याची चौकशी आपण कधी केली आहे? महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेसाठी हजारो माणसं तोरणमाळला चढतात. उतरताना त्यांच्या पिशवीत पाड्यावरचा आमचूर, चारोळी आणि एखादं सूप असावं. त्यासाठी पाणी, उंची, हवा यांतलं काहीही बदलावं लागत नाही.

चिखलदऱ्याला जायचंच असेल तर मार्गशीर्ष-पौषात जा. तेव्हा कॉफीची फळं लाल होतात, गर्दी कमी असते आणि बागेतल्या माणसाला बोलायला सवड असते. कॉफी घ्याल तर अख्खी भाजलेली बी मागा. दळून ठेवलेल्या कॉफीचा वास लवकर उडतो. चार पैसे जास्त पडले तरी तिथल्याच माणसाकडून घ्या.

गाविलगड तिथून जवळच आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजा त्याच्या तटाला भिडल्या, त्या दिवसाची हकीगत आणि राहिलेले दरवाजे पुढच्या आठवड्यात नक्की. अक्राणीच्या आमचुरावर कुणा वाचकाकडे घरची माहिती असेल, कैरी कुठल्या झाडाची, कशी चिरतात, व्यापारी काय भाव देतो, तर जरूर कळवा. त्याच्यासाठी एक अख्खा भाग राखून ठेवतो.