एक्स-रेच्या आधी बोलणारं प्रथिन

नवा फ्लॅट बघायला गेलं की पहिलं कौतुक कशाचं होतं? किचनच्या ओट्याचं. काळा चकचकीत ग्रॅनाइट, गोल केलेली कड, सिंकसाठी बरोबर मापात कापलेली जागा. केडगाव झपाट्याने वाढतंय, आणि प्रत्येक नव्या घरात एक ओटा बसतोच. तो कापणारा मुलगा कधी नीट बघितलाय? बऱ्याचदा तो आपल्याच वयाचा असतो. तोंडाला रुमाल, भुवयांवर पांढरी भुकटी. धूळच ती, आंघोळ केली की गेली, असं त्यालाही वाटतं आणि आपल्यालाही. पण अंगावरची धूळ जाते, छातीत गेलेली तिथेच राहते.

तर आज या छातीतल्या धुळीची गोष्ट. आणि तिची चाहूल एक्स-रेच्या आधी देऊ शकणाऱ्या, रक्तातल्या एका इवल्याशा प्रथिनाची. ही चाहूल ओळखणारी चाचणी पट्टी कुठे तयार झाली माहितीये? आपल्या मुंबईत.

सगळी धूळ सारखी नसते

आधी एक गैरसमज काढून टाकू. जास्त धूळ म्हणजे जास्त धोका, एवढं सोपं ते नाही. धुळीत स्फटिकरूप सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ, किती आहे त्यावर बरंच काही ठरतं. नगरच्या आजूबाजूचा आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, त्यात क्वार्ट्झ फारच कमी. ग्रॅनाइटमध्ये मात्र ते साधारण पाव ते एक तृतीयांश असतं. फाउंड्रीत साचे करायची वाळू तर बहुतांश सिलिकाच. आणि ‘क्वार्ट्झ टॉप’ म्हणून विकला जाणारा कृत्रिम दगड? त्यात सिलिका ९० टक्क्यांच्याही वर असू शकते. याच दगडामुळे तरुण कामगारांची फुप्फुसं निकामी होऊ लागली, तेव्हा ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली. असं करणारा तो पहिला देश.

म्हणजे काळ्या दगडाची खडी फोडताना धूळ खाल्ली तर चालते, असं नाही हं. कुठलीही बारीक धूळ फुप्फुसाला त्रास देतेच. फक्त ग्रॅनाइट कोरडा कापणाऱ्याचा, वाळूच्या साच्यांवर काम करणाऱ्याचा हिशोब वेगळा आहे, एवढं ध्यानात ठेवा.

आत नेमकं काय होतं?

नाकातले केस आणि घशातला चिकट पदार्थ मोठे कण अडवतात. पण मायक्रॉनमध्ये मोजावे लागणारे बारीक कण थेट फुप्फुसाच्या टोकाच्या फुग्यांपर्यंत पोचतात. तिथे शरीराची राखण करणाऱ्या भक्षक पेशी असतात. जंतू दिसला की गिळायचा आणि पचवायचा, हे त्यांचं काम. त्या सिलिकाचा कणही गिळतात. पण दगड पचणार कसा? कण पेशीलाच आतून फाडतो. पेशी मरते आणि जाता जाता इंटरल्युकिन-१ बीटासारखी, धोक्याची घंटा वाजवणारी प्रथिनं सोडते. कण पुन्हा मोकळा होतो. दुसरी पेशी येते, त्यालाच गिळते, तीही मरते.

हे वर्षानुवर्षं चालतं. सूज, मग व्रण, मग कडक गाठी. याला म्हणतात सिलिकोसिस. तो बरा होत नाही. काम सोडल्यावरही आजार पुढे सरकू शकतो. साधारणपणे तो दिसायला दहा वर्षं किंवा जास्त लागतात, पण धूळ खूप असेल तर पाचेक वर्षांतही गाठतो. विशीत कटर हातात घेतलेल्या मुलासाठी याचा अर्थ काय, तो हिशोब तुम्हीच करा.

आणखी एक भानगड आहे. खोकला, दम लागणं, वजन उतरणं ही लक्षणं टीबीसारखीच. त्यामुळे सिलिकोसिसच्या कित्येक पेशंटना टीबीची औषधं सुरू होतात. शिवाय भक्षक पेशीच लुळ्या पडल्यामुळे अशा माणसाला खरोखरचा टीबी होण्याची शक्यताही कित्येक पटींनी वाढते. दोन्ही एकत्र आले की उपचार अजून अवघड. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या १९९९ च्या अंदाजानुसार देशात सुमारे ३० लाख कामगार सिलिकाच्या मोठ्या धोक्यात होते. बांधकामावरचे मजूर त्यात धरलेलेच नव्हते.

गदेच्या आकाराच्या पेशी

आता आपल्या हिरोकडे येऊ. फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांच्या अस्तरात घुमटासारख्या डोक्याच्या काही पेशी असतात. मॅक्स क्लारा नावाच्या शरीररचनातज्ज्ञाने १९३७ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना क्लारा पेशी म्हणत. पण हा माणूस नाझी पक्षाचा होता आणि त्याने अभ्यासाला वापरलेले नमुने मृत्युदंड दिलेल्या कैद्यांचे होते. हे उजेडात आल्यावर वैद्यकीय नियतकालिकांनी ते नाव टाकून दिलं. आता त्यांना क्लब पेशी म्हणतात. इथे क्लब म्हणजे गदा बरं का, पार्टीचा नाही!

या पेशी एक छोटं प्रथिन सोडतात, सीसी-१६. रोगप्रतिकारक यंत्रणेचा ब्रेकच म्हणा ना. सूज हाताबाहेर जाऊ नये, हे ते बघतं. त्यातलं थोडंसं रक्तात उतरतं, म्हणून रक्त तपासून ते मोजता येतं. सिलिकाने क्लब पेशींनाच मार बसला की प्रथिन कमी तयार होतं आणि रक्तातली पातळी उतरते.

ही गोष्ट आधी लक्षात आली ती युरोपात. बेल्जियममधल्या लुवेन विद्यापीठाचे संशोधक आल्फ्रेड बर्नार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्या कामगारांचं रक्त तपासलं. एक्स-रेत आणि फुप्फुसाच्या फुंकर-चाचणीत काही वेगळं दिसत नव्हतं, पण सीसी-१६ मात्र घसरलेलं होतं. पुढे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत डॉ. कमलेश सरकार यांनी याच प्रथिनावर भारतीय कामगारांसाठी काम केलं.

पोलिओच्या लॅबमधून आलेली पट्टी

रक्तातलं प्रथिन मोजायला साधारणपणे महागडी यंत्रं आणि मोठी लॅब लागते. ती काय क्रशरवर नेणार? इथे मुंबईची एन्ट्री होते. परळला हाफकिनच्या आवारात एन्टरोव्हायरस रिसर्च सेंटर होतं, पोलिओच्या विषाणूवरच्या कामासाठी ओळखलं जाणारं. आता ते राष्ट्रीय विषाणू संस्थेचं मुंबई युनिट आहे. तिथल्या श्यामसुंदर नंदी, उपेंद्र लांबे, सोनाली सावंत आणि जगदीश देशपांडे यांनी कमलेश सरकार यांच्यासोबत सीसी-१६ साठी झटपट चाचणी पट्टी तयार केली. २०२१ मध्ये त्यांचा शोधनिबंध ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आला.

कोरोनाची घरी करायची टेस्ट आठवते? दोन रेघा आल्या की पोटात गोळा! ही पट्टीही त्याच जातीची. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना सीसी-१६ पकडणाऱ्या अँटिबॉडी चिकटवलेल्या असतात, म्हणून रंगीत रेघ दिसते. फक्त इथे गणित उलटं आहे, जास्त रेघा म्हणजे बरी बातमी. एका मिलिलिटरला ९ नॅनोग्रॅमच्या वर प्रथिन असेल तर तीन रेघा. ६.१ ते ९ असेल तर दोन. ६ किंवा त्याहून कमी असेल तर एकच. १०६ नमुन्यांवर ती पडताळली तेव्हा संवेदनशीलता १०० टक्के आणि अचूक वगळण्याची क्षमता ९५ टक्के निघाली.

लगेच टाळ्या वाजवू नका. १०६ नमुने म्हणजे सुरुवात आहे. शिवाय सिगारेटनेही सीसी-१६ उतरतं, हेही बर्नार्ड यांच्याच गटाने दाखवलंय. त्यामुळे ही पट्टी निदान करत नाही. शंभर जणांतून कोणाला पुढच्या तपासणीला लवकर पाठवायचं, ते सांगते. आजार बरा होत नसताना तो लवकर कळून फायदा काय, असं वाटेल. फायदा एकच, पण मोठा. फुप्फुस अजून शाबूत असतानाच माणसाला धुळीतून बाहेर काढता येतं.

मग आपण काय करायचं?

पहिलं म्हणजे पाणी. पात्यावर पाण्याची धार ठेवून दगड कापला की धूळ उडायच्या आधीच खाली बसते. मग सगळे असं का करत नाहीत? चिखल होतो, वेळ जातो, आणि घरमालकच म्हणतो, ‘घाण नको, कोरडंच कापा.’ तो घरमालक आपल्यापैकीच कोणीतरी असतो. पुढच्या वेळी पाइप आणि नळ द्या, घरात शक्यतो कापूच देऊ नका, आणि अर्धा दिवस जास्त लागला तर कुरकुर करू नका.

दुसरं, रुमाल काढा. कापडाच्या विणीतून हे कण आरामात आत जातात. नीट बसणारा एन-९५ मास्क लागतो, आणि तोही पाण्याच्या जोडीला. पाण्याऐवजी मास्क, हे चालत नाही.

तिसरं म्हणजे कागद. सिलिकोसिस हा १९४८ च्या कारखाने कायद्यापासून नोंद करण्याजोगा आजार आहे. राजस्थानने तर २०१९ च्या धोरणात प्रमाणित रुग्णाला ३ लाख रुपयांची तरतूद केली. पण कुठलीही मदत मागायची तर कामाचा पुरावा लागतो, आणि रोजंदारीवर कटर मारणाऱ्याकडे नेमका तोच नसतो. महाराष्ट्रात इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे १८ ते ६० वयाच्या, वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराला नोंदणी करता येते. तुम्हाला ऑनलाइन फॉर्म भरता येतात, हो ना? गल्लीतल्या एका दादाचा भरून द्या.

आणि शेवटचं. इटलीच्या बर्नार्डिनो रामाझिनी नावाच्या डॉक्टरने १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने डॉक्टरांना सांगितलं, पेशंटला नेहमीच्या प्रश्नांसोबत एक प्रश्न जरूर विचारा: तू काम काय करतोस? दवाखान्यातल्या गर्दीत हा प्रश्न राहून जातो. म्हणून घरातल्या कुणाला, मित्राला महिनोन्महिने खोकला असेल आणि तो दगड, वाळू किंवा फाउंड्रीत असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. केसपेपर निघताना तुम्हीच सांगा, ‘हा ग्रॅनाइट कापतो, चार वर्षं झाली.’ एवढ्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलू शकते.