टोळधाड आली तेव्हा...

मे २०२० च्या अखेरीस वाळवंटी टोळांचे थवे विदर्भात शिरले. अमरावती, नागपूर, भंडारा करत गोंदियापर्यंत त्यांची वर्दी पोहोचली. खरिपाचे धान अजून पेरायचे होते, हे आपले नशीब. एक चौरस किलोमीटरचा थवा दिवसाला ३५ हजार माणसांइतके अन्न फस्त करतो!

टोळांवर देशपातळीवर नजर ठेवते ती टोळ इशारा संघटना. स्थापना १९३९ ची. आज ती फरीदाबादच्या वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयाचा भाग आहे. तिचा मुख्य पहारा राजस्थान-गुजरातच्या वाळवंटात. विदर्भात धावपळ पडली ती कृषी विभागावर. संचालनालयाच्या नागपूर येथील एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राची त्याला साथ होती.

थाळ्या बडवून टोळ उडतो, पण बसतो शेजाऱ्याच्या शेतात. खरा मारा रात्री. अंधार पडला की थवा झाडांवर विसावतो आणि उन्हे तापेपर्यंत हलत नाही. फवारणीची वेळ तीच.

टोळ क्वचितच येतो. खोडकिडा, गादमाशी, तुडतुडे मात्र धानाला दरवर्षीचेच. त्यांच्यासाठी १५ ऑगस्ट २०२४ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय कीड निगराणी प्रणाली सुरू आहे. फवारणीआधी किडीचा फोटो तिच्या अ‍ॅपवर टाकून पाहा.