सोंगटी आणि मावळा : रणखेळातील सैनिकांच्या रंगकामाची परिभाषा

दिवाळीच्या सुमारास भिवंडीच्या जुन्या आळ्यांतून फिरणाऱ्यास दारोदारी दगडमातीचे किल्ले दिसतात. शिवाजी महाराजांनी ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण आणि भिवंडी ही दोन्ही ठाणी घेतली. त्या गावी ही प्रथा विशेष शोभते. उतारावर अळीव किंवा मोहरी पेरलेली असते, माथ्यावर सिंहासनस्थ महाराज आणि पायऱ्यांवर मातीचे मावळे. अशाच एका किल्ल्यावर प्रस्तुत लेखकास ढालतलवारीच्या मावळ्यांशेजारी हिरव्या गणवेशातील, हाती रायफल घेतलेले सैनिक आढळले. किल्ला करणाऱ्या मुलास पृच्छा केली असता 'हे बंदुकीचे मावळे' असे उत्तर मिळाले. मावळ प्रांतीचा रहिवासी तो मावळा, पुढे शिवकालीन पायदळाचा सैनिक, आणि आता सैनिकाची कोणतीही लहान मूर्ती : अर्थविस्ताराचे इतके बोलके उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडावे.

हे बंदुकीचे मावळे त्या मुलाच्या थोरल्या भावाचे होते. मेजावर रणखेळ खेळणाऱ्या मंडळींपैकी तो एक. नव्या मित्रांसाठी त्याने रंगकामाचे मराठी टिपण लिहावयास घेतले होते आणि तो ओळीओळीस अडत होता. अडचण कौशल्याची नव्हती, शब्दांची होती. तिचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. हत्ती, घोडे, रथ व पायदळ या चार अंगांवरून ज्याला चतुरंग म्हणत, तो आपला जुना खेळही युद्धाचेच प्रतिरूप होय. प्रशियाच्या राइसविट्झ नामक अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर ठोकळे सरकवून फाशांच्या आधारे लढाई शिकविण्याचे नियम प्रसिद्ध केले. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून शिशाचे पोकळ सैनिक विकण्यास आरंभ केला, आणि एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली अशा खेळण्यांच्या लढाईवर पुस्तकच लिहिले. आज हे सैनिक बहुधा प्लास्टिकचे किंवा राळेचे असतात. त्यांच्या हालचाली मोजपट्टीने मोजतात आणि गोळी लागली की नाही ते फासा ठरवितो.

मग या वस्तूस म्हणावे काय? त्या तरुणाने कोशातून 'लघुचित्र' हा शब्द काढला होता. तो येथे मुळीच चालणार नाही, कारण मराठीत लघुचित्र म्हणजे राजपूत किंवा मुघल शैलीचे कागदावरील चित्र. 'सूक्ष्ममूर्ती' हा संस्कृत जोड उच्चारताना खेळणाऱ्याचीच दमछाक होईल. आमच्या मते येथे 'सोंगटी' हाच शब्द युक्त आहे. जी फाशावर चालते, नियमाने सरकते आणि मारली जाते ती सोंगटी. मावळा किल्ल्यावर नुसता उभा राहतो. दोन शब्द, दोन कार्ये.

आता रंगकाम. प्रचलित प्रमाणांपैकी एक १:७२ हे आहे. पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक या प्रमाणात सुमारे २४ मिलिमीटरचा होतो. हाताच्या अंतरावरून, म्हणजे पाऊण मीटरवरून, त्याकडे पाहणे हे खऱ्या सैनिकाकडे ५४ मीटरांवरून पाहण्यासारखे आहे. एवढ्या अंतरावर रंग फिके भासतात, म्हणून खऱ्या कापडाचा रंग जसाच्या तसा सोंगटीस दिला तर ती काळवंडलेली दिसते. त्यात थोडा पांढरट रंग मिसळावा लागतो. शिवाय चुणीची खोली मिलिमीटरच्या अंशाएवढी असल्याने खोलीतील उजेडात तिची सावली पडतच नाही. ती रंगवूनच दाखवावी लागते.

या कृतीतील बहुतेक पायऱ्यांचे शब्द पेणच्या मूर्तिशाळांतून व आपल्या रंगाऱ्यांच्या तोंडून आयतेच मिळतात. साच्यातून आलेल्या सोंगटीवर सांध्याची रेघ असते, ती पातीने तासावी. फट राहिल्यास रंगारी म्हणतात तशी 'लांबी' भरावी. साच्याचा तेलकटपणा साबणाच्या पाण्याने धुवावा, अन्यथा रंग धरत नाही. मग प्राइमरचा एक हात आणि त्यावर मूळ रंगाचे दोन पातळ हात. हात जाड झाला की बारकावे 'बुजतात'. हे क्रियापद ज्या नेमकेपणाने तो दोष सांगते, तो परक्या शब्दास साधणार नाही. कोरड्या कुंचल्याने फिका रंग कडांवरून घासला की 'उठाव' येतो. डोळ्यांची 'आखणी' शेवटी, आणि तीही पुष्कळदा टाळलेली बरी. ५४ मीटरांवरून कोणाची बुबुळे दिसतात? पायाखालच्या चकतीस 'बैठक' म्हणावे. तीवर रंगविलेला लाकडी भुसा चिकटवून गवत करतात. भिवंडीतील मुले किल्ल्यावर हेच करीत आली आहेत.

खरी अडचण आधुनिक गणवेशाची आहे. तांबडा डगला घातलेला जुना शिपाई रंगविणे सोपे, कारण तो दिसावा म्हणूनच सजविलेला असे. १८४६ साली पेशावर येथे उभारलेल्या गाइड्स पलटणीने धुळीच्या रंगाचे कपडे स्वीकारले आणि फारसीतील 'खाक', म्हणजे धूळ, या शब्दावरून खाकी हे नाव रूढ झाले. (मराठीत 'जळून खाक' म्हणताना आपण त्याच शब्दाने राख सुचवितो.) भारतीय सैन्याने १५ जानेवारी २०२२ रोजी प्रकट केलेल्या गणवेशावर हिरव्या व मातकट छटांचे बारीक चौकोनी ठिपके आहेत. सैनिक दिसू नये हा गणवेशाचा हेतू, तर सोंगटी दिसावी हा रंगविणाऱ्याचा! त्यातून ५ सेंटिमीटरचा ठिपका १:७२ प्रमाणात ०.७ मिलिमीटरचा होतो आणि सगळे मिळून चिखल दिसते.

येथे भाषाशास्त्रातील एक कल्पना उपयोगी पडते. 'कण' आणि 'खण' यांतील भेद केवळ महाप्राणत्वाचा आहे. ऐकणारा तेवढाच पकडतो आणि उच्चारातील इतर शेकडो फरक सोडून देतो. स्वनिमाचे हे व्यवच्छेदक लक्षण सोंगटीसही हवे. म्हणून बाहीवर पन्नास ठिपके न देता प्रमाणापेक्षा मोठे चारपाच द्यावेत, आणि चेहरा, हात, रायफल व शिरस्त्राणाची कड मात्र स्पष्ट उठावाने दाखवावी. छत्रीधारी पलटणीची किरमिजी टोपी किंवा शीख सैनिकाची पगडी असल्यास काम निम्मे झालेच. असा सैनिक मापाने खोटा असतो, पण ओळखू येतो.

एक शब्द मात्र अडून राहिला. चुणीत सावली भरण्यासाठी पाण्यासारखा पातळ, काळपट तपकिरी रंग सोंगटीवर सोडतात. तो खोलगट जागी आपोआप साचतो. 'ओघळ' म्हणावे, तर रंगाऱ्याच्या भाषेत तो दोष ठरतो. आम्ही 'छायालेप' सुचविला. तरुणाने तो आदराने लिहून घेतला. धाकट्याने मात्र कुंचले धुतलेल्या पेल्याकडे बोट दाखवून 'म्हणजे मळपाणी ना?' असे विचारले. टिपणात आता 'मळपाणी' आहे. 'छायालेप' समासात, कंसामध्ये.