पहिल्या तारखेचा बाँड

मागच्या वेळी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७० च्या अटकेवर लिहायचं कबूल केलं होतं. ते आज राहू द्या. सिंदेवाहीकडच्या एका गावातून पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न बाजूला सारून पुढे जाववत नाही.

घोडाझरीच्या नहराचं पाणी बांधीत घेण्यावरून शेजाऱ्याशी बाचाबाची झाली. हात कोणीच उचलला नाही. तरी ठाण्यातून दंडाधिकाऱ्यांकडे इस्तगासा गेला आणि दोघांनाही कलम १२६ ची, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०७ ची, कारणे दाखवा नोटीस आली. पत्रलेखक विचारतात, "पहिल्याच तारखेला बाँड मागितला तर सही करू का? सही म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखंच ना? गावात तोंड कसं दाखवू?"

शेवटच्या वाक्याचं कारण मला ठाऊक आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती, गडचिरोलीत १९९३ पासून आहे. त्यामुळे इकडे 'चॅप्टर', म्हणजे अशी बाँडची कारवाई, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दारूवाले येतात. पण त्यांच्यासाठी दारूबंदी कायद्याचं कलम ९३ आहे. तो चांगल्या वर्तणुकीचा बाँड, तीन वर्षांपर्यंतचा, आणि जामीनदाराऐवजी रोख रक्कम ठेवतो म्हटलं तरी चालत नाही. तुमचा शांतता राखण्याचा, जास्तीत जास्त एका वर्षाचा. त्यात रोख रकमेची परवानगी मिळू शकते. ही दोषसिद्धी नव्हे, कबुलीही नव्हे. मात्र मुदतीत बाँड मोडला तर रक्कम जप्त होते आणि उरलेल्या मुदतीपुरता तुरुंगही दिसू शकतो. म्हणून सही हलक्या हाताने करू नये.

आता पहिली तारीख. सगळी गंमत इथेच आहे. नोटिशीसोबत कलम १३० चा लेखी आदेश असायला हवा. तो नीट वाचा. मिळालेल्या माहितीचा सारांश, रक्कम, मुदत, जामीनदार किती आणि कसे, एवढं त्यात लागतं. 'शांतता भंग होण्याची दाट शक्यता आहे' ही छापील ओळ म्हणजे सारांश नव्हे. कोणत्या दिवशी, कोणत्या बांधीवर, कोण काय म्हणालं, ते हवं. मग चौकशी, म्हणजे साक्षीपुरावा. ती सुरू झाल्यावरच, तातडीची गरज असेल तर, कारणं लिहून अंतरिम बाँड मागता येतो. आधी नाही.

हा नियम पक्का झाला तो पुण्यात जन्मलेल्या आणि मुंगेरहून खासदार झालेल्या मधू लिमयांच्या खटल्यात. १९७० साली सात न्यायाधीशांच्या पीठाने ही कलमं घटनेत बसतात असं ठरवलं. त्या बाबतीत लिमये हरले. पण त्याच निकालात म्हटलं आहे की पोलिसांचा अहवाल म्हणजे चौकशी नव्हे, आणि चौकशी सुरू न करता तारीख वाढवून, बाँड दिला नाही म्हणून माणसाला मधल्या काळात तुरुंगात धाडता येत नाही. निकाल लिहिला सरन्यायाधीश हिदायतुल्लांनी. ते पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते आणि तेव्हा चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्हा त्याच न्यायालयाच्या हद्दीत होता. पुढे १९७३ च्या संहितेत 'चौकशी सुरू झाल्यानंतर आणि पूर्ण होण्यापूर्वी' असे शब्दच आले. आजच्या कलम १३५ मध्ये ते कायम आहेत.

दोघांनाही सारखीच नोटीस काढायची रीत मला मुळीच पटत नाही. कलमाला शांतता भंगाची भीती किंवा त्याला कारण होणारं गैरकृत्य लागतं. हक्काचं पाणी हक्काच्या बांधीत घेणं यात गैर काय? समोरचा काठी घेऊन येईल ही भीती असेल तर बाँड त्याच्याकडून घ्यावा. जमिनीच्या किंवा पाण्याच्या वादातून शांतता भंगेल असं वाटत असेल तर कलम १६४ आहे. त्यात प्रत्यक्ष ताबा कोणाकडे ते पाहतात; पाणी वापरण्याच्या हक्काचा वाद असेल तर कलम १६६ आहे. हे मुद्दे लेखी उत्तरात घाला.

आणि एक करा. चौकशी कोणत्या तारखेला सुरू झाली ते रोजनाम्यात पाहून वहीत टिपून ठेवा. तिथून सहा महिन्यांत ती संपली नाही आणि दंडाधिकाऱ्यांनी खास कारणं लिहून मुदत वाढवली नाही, तर प्रकरण आपोआप संपतं. नोटिशीच्या तारखेपासून मोजू नका, बरेच जण तिथेच फसतात.

अटकेचं कलम पुढच्या आठवड्यात, मध्ये दुसरं पत्र आलं नाही तर.