पिकअपची बॅटरी बदलताय? आधी मीटर, मग दुकान



एरवी या मेसेजमध्ये फवारणी, खत, पाणी असतं. आज गाडीविषयी. मोसंबी रात्री भरून ठेवली आणि पहाटे पिकअपने नुसतं ‘कट-कट’ केलं, तर जालन्याच्या मोंढ्यातला लिलाव हुकतो. माल एक दिवस पडून राहतो, वजन घटतं, भाव दुसऱ्या दिवशी काय निघेल ते सांगता येत नाही. म्हणून हा मेसेज शेवटपर्यंत वाचा.

*१) खरंच बॅटरी गेली का?*
गाडी चालू होईना की आपण थेट नवी बॅटरी आणतो. पण दोष डायनॅमोचा, सैल पट्ट्याचा किंवा टर्मिनलवर चढलेल्या पांढऱ्या-हिरव्या थराचाही असतो. डायनॅमो खराब असेल तर नवी बॅटरीही लवकरच बसते आणि पैसे दोनदा जातात. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मीटर असतं, दहा मिनिटांचं काम आहे:
▪️ रात्रभर उभ्या गाडीत सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास = पूर्ण चार्ज. १२.२ = साधारण निम्मी. १२ च्या खाली = उतरलेली.
▪️ इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ = डायनॅमो ठीक. १३.५ पेक्षा कमी असेल तर आधी पट्टा आणि डायनॅमो बघा. १५ च्या वर गेलं तर जास्त चार्जिंगने बॅटरीचं पाणी उडतंय.
▪️ पूर्ण चार्ज करूनही सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली पडत असेल आणि टर्मिनल-वायरी स्वच्छ, घट्ट असतील, तर बॅटरी बदलायची वेळ आली.

*२) कोणती घ्यायची?*
जुन्या बॅटरीच्या लेबलचा फोटो काढूनच दुकानात जा. गाडीच्या पुस्तकातला आकडाही जुळवा, कारण आधीच्या मालकाने भलतीच बसवलेली असू शकते.
▪️ *एएच:* कंपनीने दिलाय तेवढाच. स्वस्त पडते म्हणून लहान घेऊ नका, डिझेल इंजिन फिरवायला जोर लागतो. जादा फोकस, टेप लावला असेल तर थोडी मोठी चालते, पण ट्रेमध्ये नीट बसली पाहिजे.
▪️ *टर्मिनलची बाजू:* प्लस डावीकडे की उजवीकडे ते बघा. उलटी आली तर वायर पुरत नाही, आणि चुकून उलटी जोडली तर फ्यूज आणि डायनॅमोचे डायोड जळतात.
▪️ *बसण:* ट्रेमध्ये हलता कामा नये, वरची पट्टी घट्ट हवी. आपल्या पाणंद रस्त्यांवरच्या दणक्यांनी आतल्या प्लेटा झडतात.
▪️ *तारीख:* बियाण्याची पिशवी घेताना लॉट नंबर आणि तारीख आपण वाचतोच, तसंच इथेही. बॅटरी दुकानात पडून राहिली तरी उतरत जाते. तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम. जुनी असेल तर समोर मीटर लावायला सांगा.
▪️ *वॉरंटी:* किती महिने फुकट बदलून मिळेल आणि त्यानंतर किती महिने नुसती सूट, हे दोन आकडे वेगळे विचारा. मालवाहू गाडीला अनेकदा कमी महिने मिळतात. पक्कं बिल घ्या. कार्डवर गाडी नंबर, तारीख, शिक्का हवाच.

*३) झाकणाची की सीलबंद?*
बॅटरीला थंडीपेक्षा ऊन जास्त मारतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, त्यात बोनेटखालची उष्णता वेगळी. दर महिन्याला पाणी बघणार असाल तर झाकणाची चालेल, नाहीतर सीलबंद घ्या. झाकणाच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खराब करतात. ॲसिड वरून टाकू नका.

*४) बदलताना*
आधी मायनसची वायर काढा. बसवताना मायनस शेवटी. जवळ बिडी-काडी नको, बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. टर्मिनलवर थोडं पेट्रोलियम जेली लावा. हंगाम संपून गाडी उभी राहणार असेल तर मायनस काढून ठेवा.

*५) जुनी बॅटरी*
घरी फोडू नका, ॲसिड ओतू नका. आत शिसं असतं, ते माती-पाण्यात उतरतं आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. म्हणून जुनी दुकानदारालाच द्या आणि तिची किंमत बिलातून वजा करून घ्या.

मोसंबीची तोडणी ठरवण्याआधी गाडीला एकदा मीटर लावून घ्या. बॅटरी घ्यायची ठरली तर लेबलचा फोटो या नंबरवर पाठवा, पैसे देण्याआधी आपण मिळून बघू. 🌱

— आपला कृषी सल्लागार