फुलातलं पाणी गेलं कुठं?

कळंबोलीत बाहेरून येणाऱ्याला पहिल्यांदा दिसतं ते लोखंड. इथं लोखंड-पोलादाचा मोठा बाजार आहे. पोलादी पत्र्याची अवाढव्य गुंडाळी घेऊन जाणारे ट्रेलर सर्कलपाशी सतत वळत असतात, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही इथूनच सुरू होतो. पण जरा सेक्टरच्या आतल्या गल्ल्यांत या. कुंपणावरून बोगनवेल खाली झुकलेली असते, बाल्कनीतल्या कुंडीत सदाफुली असते, आणि एप्रिल-मेमध्ये गुलमोहर, सोनमोहर फुलले की पायाखाली लाल-पिवळा सडा पडतो. आज आपण ह्या सड्यातली चार-पाच फुलं उचलायची, त्यांचं शुभेच्छापत्र करायचं आणि त्याच्यासोबत द्यायला एक इवलासा बटवा शिवायचा.

दुकानात कार्ड मिळतंच की, असं म्हणाल. मिळतं. पण हे कार्ड करताना तुम्ही एका गोष्टीचा पाठलाग करणार आहात, आणि तो पाठलाग विकत मिळत नाही. ती गोष्ट म्हणजे पाणी.

झेंडूचं ताजं फूल तळहातावर ठेवा. त्याच्या वजनाचे दहा भाग केले, तर त्यातले आठ-नऊ भाग नुसतं पाणी असतं! पटत नसेल तर दसऱ्याच्या तोरणासाठी आणलेल्या फुलांतली दहा फुलं स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, आकडा वहीत लिहा, फुलं पंख्याखाली पसरून पूर्ण सुकवा आणि पुन्हा तोला. काट्यावरचा दुसरा आकडा पाहून घरातली मोठी माणसंसुद्धा चकित होतील.

हे पाणी फुलाला ताठ उभं ठेवतं. पाकळी लाखो सूक्ष्म पेशींची बनलेली असते आणि प्रत्येक पेशी पाण्यानं टम्म भरलेली असते, फुगवलेल्या फुग्यासारखी. पाणी कमी झालं की पेशी सैल पडते आणि फूल मान टाकतं. पाणी आतच राहिलं, तर आणखी एक भानगड होते. बुरशी आणि जिवाणू ह्यांनाही जगायला पाणीच लागतं, त्यामुळे ओलं फूल दोन-तीन दिवसांत काळं पडतं, कुजतं. म्हणजे फूल टिकवायचं तर बुरशीच्या आधी आपण त्यातलं पाणी पळवायला हवं.

हवा कोरडी असली की किती फरक पडतो ते पाहा. इजिप्तचा राजा तुतनखामेन ह्याची कबर १९२२ साली सापडली. नंतर त्याच्या शवपेट्या उघडल्या, तेव्हा त्यांवर पानाफुलांच्या माळा होत्या. त्यांत ऑलिव्हची पानं होती, निळी रानफुलं होती. तीन हजार तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी हातानं गुंफलेल्या त्या माळा वाळवंटाच्या कोरड्या हवेत, बंद कबरीत टिकून राहिल्या.

आपल्याकडे मात्र खाडी जवळ, समुद्र जवळ. जुलैत डब्यातलं मीठ ओलसर होतं, पापड सादळतात, शाळेचा गणवेश दोन दिवस दोरीवर लटकला तरी दमटच. अशा हवेत फूल नुसतं ठेवून दिलं तर ते सुकण्याआधीच बुरशी येते. म्हणून आपण कागदाची मदत घ्यायची. पण कोणता कागद?

ह्याचं उत्तर स्वतःच शोधा. जुन्या वर्तमानपत्रावर पाण्याचा एक थेंब टाका आणि दुसरा थेंब एखाद्या मासिकाच्या गुळगुळीत मुखपृष्ठावर. वर्तमानपत्रावरचा थेंब पसरून नाहीसा होतो. गुळगुळीत कागदावरचा तसाच गोल बसून राहतो. कागद म्हणजे बारीक तंतूंचं जाळं. वर्तमानपत्रात ह्या तंतूंमधल्या फटी उघड्या असतात आणि त्यांतून पाणी आपोआप ओढलं जातं. गुळगुळीत कागदावर बारीक पांढऱ्या मातीसारख्या पदार्थाचा थर दिलेला असतो, त्यामुळे फटी बुजलेल्या असतात. फुलं दाबायला स्वस्त, खरखरीत वर्तमानपत्रच उत्तम. शाई लागू नये म्हणून फुलाच्या खाली-वर एकेक साधा टिश्यू पेपर ठेवा. वर जाडजूड पुस्तकं रचा.

वजन कशासाठी? पाणी जाताना पाकळी आकसते, आणि सगळीकडे सारखी आकसत नाही, म्हणून तिच्या कडा वळतात. वजनाखाली तिला वळायला जागाच मिळत नाही. पुरती सुकली की ती त्याच सपाट आकारात कडक होते.

पहिल्या दिवसानंतर कागद बदला, मग दर दोन दिवसांनी बदला. हा कंटाळा केला की फूल गेलंच समजा, कारण ओला झालेला कागद आणखी पाणी घेणार तरी कुठं? साधारण दोन आठवड्यांत फूल तयार होतं, पावसाळ्यात जास्त दिवस लागतात. ते सुकलं की नाही हे ओळखायची एक सुरेख युक्ती आहे. फूल अलगद गालाला लावा. गार लागलं तर आत अजून पाणी आहे. पाण्याची वाफ होताना ती तुमच्या गालाची उष्णता घेऊन जाते ना, म्हणून! वनस्पतीशास्त्रज्ञही दाबलेले नमुने असेच हातानं पारखतात.

आता रंगांकडे या. मला सगळ्यात नवल वाटतं ते ह्याच भागाचं. एकाच दिवशी दाबलेल्या फुलांपैकी काहींचा रंग महिनोन्महिने टिकतो आणि काहींचा चार दिवसांत उडतो. असं का?

झेंडूचा पिवळा-केशरी रंग कॅरोटिनॉइड गटातला. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाणी गेलं तरी जागेवर राहतो. ह्याच झेंडूतलं ल्युटिन नावाचं रंगद्रव्य कोंबड्यांच्या खाद्यात मिसळतात, म्हणजे अंड्यातला बलक छान पिवळा होतो. गोकर्णाचा निळा रंग अँथोसायनिनचा. तो पेशीतल्या पाण्यातच विरघळलेला असतो, त्यामुळे पाणी हललं की तोही बिचकतो, आणि उन्हात तर लवकर फिका पडतो. बोगनवेलीचा गुलाबी तिसऱ्याच गटातला, बीटालेनचा, म्हणजे आपल्या जेवणातल्या बिटाचा जो रंग, त्याच्या नात्यातला. आणि गंमत ऐका: अँथोसायनिन आणि बीटालेन हे दोन्ही एकाच झाडात एकत्र सापडत नाहीत.

बोगनवेल जवळून पाहिलीत का कधी? ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो, ती खरं तर रंगीत पानं आहेत. खरं फूल म्हणजे मधली ती बारीकशी नळी. ही रंगीत पानं मुळातच कागदासारखी पातळ, त्यांत पाणी कमी, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्यानं बोगनवेलच घ्यावी. जास्वंद मात्र नको. तिच्यात चिकट बुळबुळीत रस असतो, ती कागदाला धरून बसते.

पांढरी फुलं तपकिरी होतात. कापलेलं वांगं काळं पडतं, त्यामागे जे घडतं तेच इथंही घडतं. पेशी फुटल्या की आतली द्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतात आणि रंग बदलतो. म्हणून प्राजक्त दाबून पाहाच. त्याच्या पांढऱ्या पाकळ्या तपकिरी होतील, पण केशरी देठ तसाच राहील. त्या देठात केशराच्या रंगाशी सख्खं नातं असलेलं द्रव्य आहे. पूर्वी त्यानं कापड रंगवत.

गोकर्णाचा रंग बिचकतो ना, त्याचाच फायदा घेऊन गुप्त संदेशाचं कार्ड करता येतं. आठ-दहा गोकर्णाची फुलं गरम पाण्यात टाका (पाणी मोठ्यांकडून घ्या), पाणी निळं झालं की ते जाडसर पांढऱ्या कागदावर फिरवा आणि कागद सावलीत वाळवा. कार्डासोबत लिंबाची एक फोड द्या. ज्याचा वाढदिवस असेल त्यानं काडीला कापूस गुंडाळून लिंबाच्या रसानं कार्डावर आपलं नाव लिहायचं. निळ्यावर जांभळी-गुलाबी अक्षरं उमटतील. आंबट रसात अँथोसायनिनच्या रेणूची ठेवण बदलते आणि रंगही बदलतो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं लिहिलं, तर रंग हिरवट होईल.

दाबलेलं फूल कार्डावर चिकटवताना डिंक कमी घ्या, काडीच्या टोकानं दोन-तीन ठिपके पुरेत. पांढऱ्या डिंकात पाणी असतं, आणि इतक्या कष्टानं हाकललेलं पाणी फुलाला परत पाजायचं नाही.

कार्ड झालं. आता बटवा.

आजी सुईत दोरा ओवताना काय करते? दोऱ्याचं टोक ओलं करते. सुती दोरा म्हणजे कापसाच्या अनेक बारीक तंतूंना दिलेला पीळ. टोकाशी हे तंतू पिंजारतात आणि सुईच्या नेढ्यात शिरत नाहीत. पाणी लागलं की ते मुकाट्यानं एकत्र येतात, कारण पाण्याला स्वतःचा पृष्ठभाग शक्य तितका लहान ठेवायचा असतो. त्यासाठी ते तंतूंना जवळ ओढतं. ह्यालाच पृष्ठताण म्हणतात. बघा, फुलातून ज्याला हाकललं, तेच पाणी इथं मदतीला आलं!

आणि कागद, दोरा, कापूस, पाकळी ह्या सगळ्यांचं मूळ एकच आहे. पाकळीच्या पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या, कापूस जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, कागदाचे तंतूही सेल्युलोजचेच. सेल्युलोजला पाण्याची भारी ओढ, म्हणून कागद पाणी पितो, दोरा पाणी पितो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली गांधीजींच्या प्रेरणेनं सुरू झालेली हातकागद संस्था आहे. तिथं झाड न तोडता सुती चिंध्यांपासून कागद बनवतात. शिवणकामात उरलेल्या चिंध्या कुटून, पाण्यात लगदा करून, जाळीवर पसरून वाळवल्या की कागद! म्हणजे तुमच्या बटव्याचं कापड आणि तुमच्या कार्डाचा कागद एकाच कपाशीच्या शेतातून आलेले असू शकतात.

कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे दोन सुती चिंध्या मागा, तळहाताएवढ्या. त्यांच्या चांगल्या बाजू आत ठेवून तीन कडा शिवा. साधा धावदोरा चालेल, पण टाके जवळजवळ घाला. टाका कशामुळे धरतो? घर्षणामुळे. दोरा प्रत्येक टाक्याला कापडाच्या धाग्यांत वळतो, घासतो, आणि जितके टाके जास्त तितकं ते घासणंही जास्त. एक टाका पुढे, अर्धा मागे अशी टीप घातली तर शिवण आणखी पक्की होते. सुई कापडात सहज जाते, कारण तुमच्या बोटाचा सगळा जोर तिच्या अतिसूक्ष्म टोकावर एकवटतो. तो तसाच बोटावरही एकवटतो, म्हणून अंगुस्तान घाला आणि शिवताना जवळ मोठं माणूस असू द्या.

बटवा उलटा करून त्यात वाळलेली बकुळीची फुलं भरा. मोगऱ्याचा वास ताज्या फुलात असतो, फूल वाळलं की तो गेला. बकुळीचं तसं नाही, वाळल्यावरही ती दीर्घकाळ सुवास देत राहते. तिच्यातली सुगंधी द्रव्यं हळूहळू उडतात, म्हणून कोकण-गोव्यात बकुळीचे वळेसर (ओवलेल्या माळा) पूर्वीपासून कपड्यांच्या पेटीत ठेवतात. बकुळीचं झाड मंदिरांच्या आवारात, रस्त्यांच्या कडेला असतं. फुलं आपसूक खाली पडतात, तोडावी लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र कसोशीनं पाळा. कण्हेर आणि पिवळी कण्हेर (बिट्टी) ही फुलं घेऊ नका, दोन्ही झाडं विषारी आहेत. कोणतीही फुलं हाताळल्यावर हात धुवा.

फुलं दाबणं आणि शिवणं ही दोन्ही कामं एकाच टेबलावर करणारे शास्त्रज्ञही आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे. एथेलबर्ट ब्लॅटर हे स्वित्झर्लंडहून आलेले धर्मगुरू आणि वनस्पतीशास्त्रज्ञ. त्यांच्या कामातून हा संग्रह उभा राहिला. तिथं वर्तमानपत्रात दाबून वाळवलेल्या वनस्पतींचे लाखाहून जास्त नमुने आहेत. अशा संग्रहांत जाड फांदी कागदावर डिंकानं राहत नसेल, तर ती सुई-दोऱ्यानं शिवून टाकतात! युरोपात सोळाव्या शतकात लुका गिनी नावाच्या प्राध्यापकानं विद्यार्थ्यांना फुलं दाबून कागदावर लावायला शिकवलं. ती पद्धत आजही जवळजवळ तशीच आहे. जुन्या नमुन्यांवरून शास्त्रज्ञ सांगू शकतात की अमुक झाड शंभर वर्षांपूर्वी कोणत्या महिन्यात फुलायचं आणि आता कधी फुलतं.

हे त्यांना कसं कळतं? प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी असते. त्यावर वनस्पतीचं नाव, ती कुठं मिळाली ती जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. चिठ्ठी नसलेल्या नमुन्याचा अभ्यासाला फारसा उपयोग होत नाही.

तेव्हा तुमच्या कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात फुलाचं नाव, सेक्टर, कळंबोली, तारीख आणि तुमचं नाव नक्की लिहा. पुढच्या वर्षी त्याच झाडाखाली त्याच आठवड्यात जा, नवं फूल दाबा, नवी तारीख लिहा, आणि दोन्ही तारखा शेजारी ठेवून आपल्या विज्ञानाच्या बाईंना दाखवा.